दुर्गेबाई आणि मागची बॅटरी

चंद्रपूर सोडून घुग्घुसच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर, एका टायरवाल्याच्या आणि एका वेल्डिंगवाल्याच्या मधे, पत्र्याचं एक दुकान होतं. दाराबाहेर पाण्यानं भरलेली एक लोखंडी बादली आणि शेजारी झाकणाचा डबा, डब्यात खायचा सोडा. कोळशाचे ट्रक दिवसभर जायचे, त्यामुळे बादलीतल्या पाण्यावर काळी साय धरायची. दुकानाच्या मालकीण रत्नमाला दुर्गे ते पाणी दर दोन-तीन तासांनी ओतून टाकायच्या आणि बादली पुन्हा भरायच्या. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी आधी बादली, मग गिऱ्हाईक.

सगळे त्यांना दुर्गेबाई म्हणत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे असतील. ठेंगण्या, खांद्यानं रुंद. नऊवारी नाही, साधी पाचवारी, पण तिच्यावर खाणकामगार घालतात तसला पुऱ्या बाह्यांचा खाकी शर्ट. गळ्यात दोरीला बांधलेला जाड काचेचा चष्मा. हातात बांगडी नाही, बोटात अंगठी नाही. दुकानात कोणी आलं की त्या आधी त्याच्या हातांकडे बघायच्या.

मला त्यांच्याकडे घेऊन गेला तो आमचा ड्रायव्हर सोमा मडावी. मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीच्या पलीकडच्या गावांत फिरता दवाखाना चालवत होते. फोर-व्हील ड्राइव्हची एक जीप, सोमा आणि मी. जीपच्या मागच्या भागात औषधांच्या पेट्या, एक घडीचा बाक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा लहान फ्रीज. फ्रीजमध्ये लसी, सर्पदंशाची इंजेक्शनं, कधी इन्सुलिन. ही सगळी थंडच ठेवावी लागतात, आणि आमच्या गावांत वीज होती तिथेही तिचा भरवसा नव्हता.

फ्रीज मीच जोडून घेतला होता, सरळ गाडीच्या मूळ बॅटरीला. आम्ही कुठल्या गावात तीन-चार तास थांबलो की इंजिन बंद, फ्रीज चालू. एकदा बाजाराच्या गावात बॅटरी बसली, तेव्हा बाजारातल्या लोकांनी ढकलून गाडी चालू करून दिली. दुसऱ्यांदा बसली ती जंगलातल्या वाटेवर, चढावर, जिथे ढकलायला आम्ही दोघंच. सात किलोमीटर चालत गेलो. परत येईपर्यंत फ्रीजमधल्या लसी फेकण्याच्या लायकीच्या झाल्या होत्या. त्या दिवशी पुढच्या गावात बाया लेकरं घेऊन दुपारपर्यंत बसून होत्या, मग उठून गेल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं, तर रस्त्यात चाक गेलं आणि आम्ही पोचलो तेव्हा पुन्हा कोणी नव्हतं. एक बाई तेवढी भेटली. सोमानं तिचं गोंडीतलं बोलणं मला मराठीत सांगितलं: "मन्ते, आता बलावू नोका."

तेव्हा मी ठरवलं की फ्रीजला वेगळी बॅटरी हवी. चंद्रपूरला गेले तेव्हा एक मोठी बॅटरी विकत घेतली आणि सोमाला म्हटलं, आता ही मागे ठेवून दोन वायरी जोडून देणारा कोणीतरी शोध.

"कोनी कायले," सोमा म्हणाला. "दुर्गेबाई हाये ना."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "घड्याळ काढा."

माझ्या मनगटावर धातूच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. त्यांनी खिळ्याला टांगलेला एक पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात आधीच कोणाची तरी अंगठी आणि कडं होतं. मी घड्याळ टाकलं. धातू बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकला तर हात भाजतो, हे सोमानं मागाहून सांगितलं. मग त्या जीपच्या मागच्या दाराकडे गेल्या आणि मी आणलेली बॅटरी बघून थांबल्या.

"हे कोनं सांगतलं आनाले?"

"मीच आणली."

"वापस करा. ही पान्याची बॅटरी हाये. चार्ज होताना ही वायू सोडते. समोर बोनेटखाली ठेवली तं वाऱ्यानं निंघून जाते. तुमी मांगं ठेवान, काचा लावान, पेशंट बसवान. मंग एखादी ठिनगी पडली का झालं." त्यांनी जीपचं छत हातानं थोपटलं. "मांगं ठेवाची असन तं बंद बॅटरी पाह्यजे, पानी न टाकाची. अन् गाडी दोन दिवस इथी राहीन."

मी म्हटलं, दोन वायरी जोडायला दोन दिवस? माझी कामं खोळंबली आहेत.

"मंग दुसरीकडं जा," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "दोन वायरी जोडनारे लय हायेत."

मी थांबले. बॅटरी बदलून आणली.

पहिल्या दिवशी त्यांनी एकही वायर हातात घेतली नाही. सोमाला विचारलं, गाडी कुठे कुठे जाते, नाले किती, मधे डांबर किती, पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं, मागे माणसं बसतात का, बसली तर पाय कुठे ठेवतात. अर्धा तास हेच चाललं होतं. मग त्यांनी घरातून एक पितळी लोटा आणला, पाण्यानं भरला आणि जीपच्या मागे चढल्या. "चालव," म्हणाल्या. "तुह्या रस्त्यावर चालवतं तसं चालव."

सोमानं गाडी मुख्य रस्त्यावरून खाली उतरवली आणि बाजूच्या खाचखळग्यांतून नेली. मी पुढे बसून मागे वळून बघत होते. बाईंनी लोटा आधी मागच्या दाराशी ठेवला. दुसऱ्या खड्ड्यातच अर्धा सांडला. पुन्हा भरून चाकाच्या वरच्या जागी ठेवला, तिथेही हिंदकळला. तिसऱ्यांदा ड्रायव्हरच्या पाठीमागे, खाली गाडीच्या तळावर ठेवला आणि बोटानं नुसता आधार दिला. तिथे तो जवळजवळ भरलेलाच राहिला. त्यांची साडी मात्र गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"इथी," त्या म्हणाल्या. त्या जागी बॅटरी बसली.

दुसऱ्या दिवशीचं काम मी बसून पाहिलं. लोखंडी पट्ट्यांची चौकट केली, ती गाडीच्या तळातून आरपार बोल्ट टाकून आवळली आणि चौकटीत बॅटरी अशी जखडली की सोमानं दोन हातांनी ओढूनही हलली नाही. पुढच्या बॅटरीपासून मागच्यापर्यंत बोटाएवढी जाड वायर गाडीच्या पोटाखालून नेली, सायलेन्सरपासून लांब, आणि पत्र्यातून जिथे आत घेतली तिथे रबराची कडी बसवली. वायरीच्या दोन्ही टोकांना एकेक फ्यूज. मी विचारलं, दोन कशाला? म्हणाल्या, "करंट दोन्हीकडून येऊ शकते ना. वायर मंधात कुठी घासली तं दोन्हीकडून तोडाले पाह्यजे."

आणि दोन बॅटऱ्यांच्या मधे त्यांनी एक लहान काळी पेटी लावली. तिला त्या दारवान म्हणायच्या. इंजिन चालू झालं की दारवान दार उघडतो, पुढून मागे करंट जातो, मागची बॅटरी भरते. इंजिन बंद झालं की दारवान दार लावून घेतो, मग फ्रीजला जे खायचं ते मागच्यातूनच. पुढच्या बॅटरीला त्याला हात लावता येत नाही.

"मांगची पुरी मेली तरी पुढची जिती राह्यली पाह्यजे. तेवढ्यासाठीच हे समदं," त्या म्हणाल्या.

शेवटची वायर जोडायच्या आधी त्यांनी आम्हा दोघांना दोन पावलं मागे जायला सांगितलं. स्वतः चष्मा लावला, बोल्टवर पाना ठेवला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि न बघता आवळला. मला ते गमतीचं वाटलं. मी हसून विचारलं, "न बघता काम करता?"

त्यांनी बोल्ट आणखी एक वेढा आवळला. सोमानं माझ्याकडे बघून मान हलवली, विचारू नका अशी.

परतीच्या रस्त्यावर त्यानं सांगितलं. पुढे हळूहळू बाईंकडूनही ऐकलं, कधी एक वाक्य, कधी दोन.

त्यांचे यजमान देवानंद दुर्गे माजरीच्या खाणीकडे जाणाऱ्या ठेकेदाराच्या गाड्यांचं वायरिंगचं काम करत. एका बंद शेडमध्ये बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या होत्या. चार्जर चालू असताना कोणीतरी त्यांना लवकर करायला सांगितलं म्हणून त्यांनी बॅटरीवरचा चिमटा तसाच ओढून काढला. ठिणगी पडली, बॅटरी फुटली आणि आम्ल तोंडावर आलं. शेडमध्ये पाणी नव्हतं, आम्ल मारायला सोडाही नव्हता. नळ होता, पण त्याला पाणी नव्हतं. लोक त्यांना धरून रस्त्यापलीकडच्या हॉटेलपर्यंत घेऊन गेले, तिथे डोळे धुतले. तोवर उशीर झाला होता. दोन्ही डोळे गेले. वय अडतीस. घरात बाई आणि दोन मुली.

आठ महिने ते घरात खाटेवर बसून होते. फारसे बोलत नसत. एकदा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालू होईना. चावी फिरवली की नुसतं टक, टक. शेजारी नवी बॅटरी आणायला निघाला होता. देवानंदभाऊ खाटेवरून म्हणाले, "बॅटरी चांगली हाये. त्याची अर्थची वायर, पत्र्याले जाते ती, ढिली हाये. ऐकून राह्यलो मी."

बाई शेजाऱ्याकडे गेल्या आणि तसं सांगितलं. शेजारी हसला. बाईंनी घरातला पाना आणला, नवऱ्याला विचारत विचारत ती वायर शोधली आणि आवळली. ट्रॅक्टर चालू झाला.

"त्या दिवशी ते पह्यल्यांदा पोटभर जेवले," बाई मला एकदा म्हणाल्या.

त्यातून दुकान उभं राहिलं. अकरा वर्षं ते खुर्चीवर बसून ऐकत आणि सांगत, आणि बाई करत. गिऱ्हाईक बोलायचं देवानंदभाऊंशी, तक्रार त्यांच्याकडे, शाबासकी त्यांना. बोनेटमध्ये वाकलेल्या बाईकडे कोणी बघत नसे. भाऊ रागीट होते. चारचौघांत ओरडायचे, "डोये असून दिसत नाई का तुले!" बाई ऐकून घ्यायच्या. मी विचारलं, राग नाही यायचा?

"येत होता ना. मीबी बोलत होती मंग, घरी गेल्यावर. पन ते बोलले नसते तं मी शिकली नसती. जे दिसे ते समदं मले तोंडानं सांगा लागे त्याईले. वायर कुठी हाये, रंग कोनता, गरम हाये का थंडी. चुकीचं सांगतलं का काम चुके. पाहाचं कसं, ते मले आंधळ्या मानसानं शिकवलं."

भाऊ गेल्यावर गिऱ्हाईक आटलं. गाड्या दाराशी थांबत, माणूस उतरे, आत डोकावे आणि विचारे, "कोनी मानूस नाई का?"

"हाये ना. मी हावो," बाई म्हणायच्या.

बहुतेक जण निघून जात. काही महिने त्यांनी शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे चौकटी घासायचं काम केलं. मग उन्हाळ्यात एक ट्रक ऐन दुकानासमोर बंद पडला आणि ट्रकवाल्याला दुसरीकडे जाणं शक्यच नव्हतं. वीस मिनिटांत ट्रक चालू झाला. त्यानं ती गोष्ट वणी ते वरोरा सगळ्यांना सांगितली असावी, कारण त्यानंतर हळूहळू गाड्या यायला लागल्या. मी गेले तोवर 'कोनी मानूस नाई का' विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

एकदा मी दिव्याची एक वायर बदलायला थांबले होते. आत चार बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या. तेवढ्यात गाड्यांचा कोणी मालक उतरला, पांढरे कपडे, बोटांत पेटलेली बिडी. काहीतरी सांगत सांगत तो सरळ आत शिरला. बाईंनी बादलीतून मगभर पाणी घेतलं आणि त्याच्या हातावर ओतलं. बिडी विझली, बाही भिजली आणि बादलीतली काळी साय सदऱ्यावर पसरली. तो इतका चिडला की त्याला शब्द सुचेनात. बाईंनी खांद्यावरचं फडकं त्याच्या हातात दिलं.

"घ्या, पुसा. अन् आता भांडा. डोये शाबूत हायेत तुमचे, भांडाले काई हरकत नाई."

तो भांडला, चांगला दहा मिनिटं भांडला. बाई मधे मधे "हो ना", "बराबर हाये" म्हणत माझी वायर जोडत राहिल्या. शेवटी तो दमला, अंगठी काढून डब्यात टाकली आणि आपल्या गाडीचं काय झालंय ते सांगायला लागला. जाताना त्यानं डब्यातून आपली अंगठी घेतली आणि नमस्कार केला.

प्रत्येक कामानंतर बाई एका कागदावर त्या गाडीचं चित्र काढून द्यायच्या. करंट येण्याची वायर लाल पेन्सिलीनं, परत जाण्याची निळ्या. फ्यूज कुठे, बोल्ट कुठे, सगळं मराठीत लिहिलेलं, अक्षर शाळकरी आणि गोल. आमचं चित्र त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून मागच्या दाराच्या आत चिकटवलं होतं. सोबत एक लहान दिवा दिला होता, त्याला दोन लांब वायरी. "वायरीत जीव हाये का नाई, ते हा सांगते," म्हणाल्या. मी तो औषधांच्या पेटीत टाकला आणि विसरले.

पावसाळ्यात तीन गावांमधून लसीकरणाचं ठरलं. तिसऱ्या गावातल्या बाया त्याच, दोनदा परत गेलेल्या. सोमा आठवडाभर आधी जाऊन घरोघरी सांगून आला होता. या खेपेला निकड जास्त होती, कारण जवळच्या एका टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीवर, दोन मुलांना गोवर निघाला होता. पहिलं गाव झालं. दुसऱ्या गावात पोचलो आणि पाऊस लागला. पुढचा नालाही भरला, मागचाही. आम्ही वीस घरांच्या त्या गावात अडकलो. शाळेच्या खोलीत राहिलो. फ्रीज मागच्या बॅटरीवर चालत होता, मी दर तासाला तापमान लिहीत होते, आणि सोमा रोज थोडा वेळ इंजिन चालवत होता. काही अडचण नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. नाला दुपारपर्यंत उतरेल असं गावकरी म्हणाले. तिसऱ्या गावाला फोनवरून निरोप गेला की आज येतो. साडेदहाला मी फ्रीजकडे गेले तर वरचा हिरवा दिवा विझलेला. आवाज बंद. सोमानं इंजिन चालू केलं. जीप एका झटक्यात सुरू झाली, पण फ्रीज तसाच मुका.

आत बर्फाच्या पिशव्या होत्या, त्यामुळे काही तास मिळणार होते. तापमान साडेपाच अंश होतं. आठाच्या वर गेलं की मी ती लस कोणाला टोचणार नव्हते. सोमा माझ्याकडे बघत होता. घरोघरी जाऊन शब्द देणारा तो होता.

गावात मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी मिळायची, शाळेमागच्या उतारावर एका मोहाच्या झाडाखाली. सोमानं चिखलातून जीप तिथवर चढवली. मी बाईंना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घड्याळ काढलं का?"

मी काढलं.

"सोमाले पकडाले सांगा फोन. बोलाचं तुमी. त्याले घाई हाये आता, त्याले नोका इचारू. मले इथून काई दिसत नाई, डॉक्टरबाई. तुमी पाहा अन् सांगा. जे दिसते तेच सांगा. वाटते ते नोका सांगू."

"फ्यूज ठीक वाटतो," मी म्हटलं.

"वाटते का दिसते?"

मी फ्यूज काढून उजेडात धरला. आतली पट्टी अखंड होती. "दिसतो. ठीक आहे."

"आता तो दिवा घ्या, मी देल्ला तो."

पेटी उपसून दिवा काढला. एक वायर बॅटरीच्या लाल टोकाला, दुसरी काळ्या टोकाला. दिवा लख्ख पेटला. तसं सांगितलं.

"बॅटरी जिती हाये. आता लाल तशीच राहू द्या. दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्याले लावा. पेटला? बरं. आता फ्रीजची काळी वायर पाहा, कागदावर निळी काढली हाये मी. ती कुठी जाते?"

कागदावर बोट फिरवत गेले. ती वायर बाकाखाली, रबरी चटईच्या आत एका बोल्टपाशी संपत होती. चटई उचलली. खाली ओल होती.

"सांगा."

"बोल्ट आहे. त्याच्याखाली वायरीचं टोक. टोकाभोवती लाल गंज. गंजाखाली... बाई, खाली गाडीचा रंग आहे. हिरवा. टोक रंगावरच बसलंय."

पलीकडे हत्यार खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दिवा लावा त्या टोकाले," त्या म्हणाल्या.

लावला. दिवा पेटला नाही.

"ते माहं काम हाये," बाई म्हणाल्या. आवाज बदलला होता. "रंग खरडला नाई मी. वायरीले पत्रा भेटलाच नाई, नुसता बोल्टाच्या भरवशावर चालत होतं. वलीनं गंजलं. फ्यूज काढून ठेवा. बोल्ट खोला. पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरडा. वायरीचं टोकबी घासा. मंग आवळा, जेवढा जोर हाये तेवढा."

सोमानं सुरीनं पत्रा खरडला, मी टोक दगडावर घासलं. बोल्ट आवळताना माझं बोट सोललं. फ्यूज पुन्हा बसवला. हिरवा दिवा लागला आणि फ्रीज गुरगुरायला लागला. तापमान सात होतं.

"लागला!" मी ओरडले. फोनमधून काही ऐकू आलं नाही. बहुधा रेंज गेली होती.

दुपारी नाला उतरला. तिसऱ्या गावात समाजमंदिराच्या ओट्यावर बाया बसून होत्या. 'बलावू नोका' म्हणणारी ती बाईही होती, सगळ्यात मागे, कडेवर मुलगी. त्या दिवशी आम्ही तिथल्या सगळ्या मुलांना लस दिली. पुढच्या दोन महिन्यांत त्या गावात गोवर आला नाही. जवळच्या टोल्यावर आणखी तिघांना निघाला.

रस्ते सुरू झाल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी एटापल्लीच्या बस थांब्यावरून सोमाचा फोन आला. दुर्गेबाई आल्या होत्या. चंद्रपूरहून बस बदलत बदलत, हातात हत्यारांची पिशवी, कोणी बोलावलं नसताना. चहा घेतला नाही. जीपखाली पोतं टाकून आडव्या झाल्या आणि वायरींचा एकेक बोल्ट खोलून, खरडून, पुन्हा आवळला. चार तास लागले. बाकीचे सगळे बोल्ट व्यवस्थित होते. तरी त्यांनी एकही सोडला नाही.

मी म्हटलं, "बाई, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला आलात? सोमानं केलं असतं."

त्या उठून बसल्या. केसांत माती होती.

"एवढीशी कशी? लेकरायले सुई भेटली नसती तं?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्या दिवशी लहानीले पाहाले पाहुने येनार होते. दोन वाजून गेलते. तो एक बोल्ट राह्यला होता. म्या म्हटलं, हा असाच आवळतो. मले आठवते ना. आवळताना माहीत होतं मले."

घाईत उरकलेली अशी एखादी सुई, अशी एखादी नोंद मलाही आठवत होती.

मग त्यांनी मागच्या दारावरचं चित्र काढलं. त्या बोल्टाच्या जागी लाल पेन्सिलीनं गोल केला आणि बाजूला लिहिलं: 'इथं खरडलं नव्हतं. आता खरडलं.' खाली सही केली, रत्नमाला देवानंद दुर्गे. कागद पुन्हा प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवला. मी म्हटलं, हे लिहायची काय गरज? म्हणाल्या, "उद्या दुसरा कोनी पाहीन ना गाडी. त्याले माहीत असाले पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर त्या तिसऱ्या गावात आल्या. दिवसभर ओट्यावर बसून बघत राहिल्या. बायांनी गोंडीत सोमाला विचारलं ही कोण. त्यानं काय सांगितलं मला कळलं नाही, पण मग त्या एकेक करून जीपच्या मागे गेल्या आणि बॅटरीकडे वाकून बघून आल्या. दुर्गेबाईंनी प्रत्येकीला आधी हातातल्या बांगड्या वर सारायला लावल्या.

त्यानंतर मी आणखी दोन वर्षं त्या जीपनं फिरले. मग माझी बदली झाली. जीप दुसऱ्या डॉक्टरकडे गेली, सोमा तिच्यासोबत राहिला. घुग्घुसचा रस्ता रुंद करताना कडेची दुकानं उठली. बाई थोरल्या मुलीकडे राहतात आणि घरूनच थोडंफार काम करतात, असं सोमाकडून कळलं. फोन करायचं राहून गेलं. अशा माणसांना आपण कामापुरतेच फोन करतो आणि काम संपलेलं असतं.

मागच्या ऑक्टोबरात एका बैठकीसाठी चंद्रपूरला गेले होते. दीक्षाभूमीवर मेळा भरला होता. शहरात पाय ठेवायला जागा नव्हती, रिक्षावाल्यानं लांबच सोडलं. संध्याकाळ व्हायची होती. गर्दीतून वाट काढत जाताना मैदानाच्या कडेला थांबले, कारण सगळे बसले होते आणि बुद्धवंदना सुरू झाली होती. बायांच्या रांगांमध्ये, चार-पाच ओळी पलीकडे, दुर्गेबाई दिसल्या. पांढरी साडी, डोक्यावर पदर, पाठ ताठ. एका बाजूला बहुधा थोरली मुलगी, दुसऱ्या बाजूला धाकटी, तिच्या मांडीवर लहान मूल. मी बाईंना वाकलेलंच पाहिलं होतं नेहमी, त्यामुळे ओळखायला क्षणभर वेळ लागला.

मधेच लाउडस्पीकर बंद पडला. एक खरखर, मग काहीच नाही. व्यासपीठाजवळ दोन-तीन माणसं वायरी उचकटायला धावली. पुढच्या रांगांतल्या माना वळल्या. मला वाटलं, आता बाई उठतील. मी वाटच बघत होते.

त्या उठल्या नाहीत. हात जोडलेले, डोळे मिटलेले. भोंगे बंद होते, तरी त्या म्हणत राहिल्या, जरा मोठ्यानं. शेजारच्या बाया त्यांच्या आवाजात आवाज मिळवून म्हणायला लागल्या, मग त्यांच्या मागची ओळ, आणि तो आवाज माझ्यापर्यंत आला.